चार बोटं

जालन्यात देऊळगाव राजा रोडला
वाजेदभाईच्या दुकानात मडगार्ड टांगलेले असतात
वटवाघळांसारखे, उलटे, एकावर एक.
कुणावर मोर, कुणावर दोन तलवारी,
एकावर नुसतंच ‘बघ पण प्रेमानं’.

मी म्हणालो, पिकअपला पाहिजेत. पाणंदीत चालणारे.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला. “कोणती पाणंद?”
म्हणालो, परतूरच्या अलीकडं, दुधनेच्या अंगाला,
जिथं पावसाळाभर रस्ता म्हणजे नुसता अंदाज असतो.
“काळी का मुरमाड?”
काळी.
मग त्यांनी मोराला हातही लावला नाही.

काळी कशी असते ते ज्याच्या चपलेला ठाऊक आहे
त्याला काय सांगायचं.
दहा पावलांत माणूस तीन इंच उंच होतो
आणि अकराव्याला चपलेतून बाहेर येतो.
टायरचंही तेच. आधी नक्षी बुजते,
मग रबर आणि पत्रा यांच्यामध्ये
माती बसत जाते, पुरणासारखी दाबून,
आणि चाक फिरायचं विसरतं.
पोळ्याच्या आदल्या दिवशी मी टामीनं माती उकरत होतो,
हौद्यात पंच्याऐंशी किलो कोष, जाळीच्या पोत्यांत.
आतला किडा निवांत. घाई मला:
पाखरू बाहेर पडलं की कोष फुटतो आणि भाव बसतो.

हे सगळं वाजेदभाईंना सांगितलं.
एक सांगितलं नाही.

श्रावणात फाट्यावरून आत वळताना
एक आशाताई स्कुटी हातानं ढकलत येत होती,
खांद्याला लेकरं तोलायचा काटा.
थांबलो तर रुतेल, म्हणून मी गाडी तशीच रेटली.
आरशात बघितलं तर गुलाबी साडी गुलाबी नव्हती.
मग थांबलो. तिनं शिवी दिली असती तर सुटलो असतो.
तिनं आधी काटा पुसला, मग चष्मा,
मग म्हणाली,
“गाडी तुव्ही अन् चिखल मव्हा व्हय?”

प्लास्टिकचा जोड मी हातात घेतला. हलका होता.
“पहिल्या धोंड्याला जाईल,” वाजेदभाई.
पत्र्याचा?
“ठोकून सरळ होतो. पण वाजतो असा, की तू यायच्या आधी गावाला कळेल.”
लांब रबर बघितलं, पार जमिनीला टेकणारं.
“रिव्हर्स घेशील, टायरखाली येईल.
मग उभा राहा आपल्याच शेपटीवर.”

शेवटी आतून त्यांनी ओढत आणला
साखर कारखान्याचा जुना पट्टा,
भुसा वाहून वाहून गुळगुळीत झालेला,
मध्ये कापडाचे थर, अजून मळीचा वास.
गनी मिस्त्री खडू घेऊन गाडीखाली सरकला.
“चाकाच्या वर किती सोडू?”
“चार बोटं.”
मिस्त्रीच्या उजव्या हाताला साडेतीनच आहेत,
म्हणून माप डाव्यानं.
“चिखलाला जागा ठेवावी लागते,” वाजेदभाई म्हणाले,
“त्याला वाट दिली नाही तर तो तुझी अडवतो.”

“आणि खालून किती ठेवायचं?
मागं कोण असतं तुझ्या?”

सरळ प्रश्न होता. गिऱ्हाइकाला विचारतात तसा.
मी म्हणालो, एक वीत. मग म्हणालो, नाही, थोडं कमी.
रिव्हर्सला उचलून धरायला साखळी लावून घेतली.
पेंटरचा पोरगा डबा घेऊन आला, काय लिहू?
कोरंच राहू दे म्हणालो.
आठशे झाले. पन्नास त्यांनी आपणहून सोडले.

यंदाचा मृग कोरडाच गेला, पण पुढं पडला चांगला.
पट्टा थपथपतो, माती खालीच पाडतो,
चाक एकदाही अडलं नाही.
ती मात्र मला लांबून बघितली
की अजून स्कुटी पार बांधाला नेऊन लावते,
काटा पदराखाली घेते, आणि गाडी जाईस्तोवर
तोंड वावराकडं करून उभी राहते.
मडगार्ड तिनं बघितलेत असं वाटत नाही.