सोमवारी काढणे

कन्नमवार नगरच्या पेडामकर बाईंनी
सकाळी सातला लॅबला फोन केला:
एकशे चाळीस दोनदा आलीय,
दोनशे ऐंशी धरायची का?

वझे डॉक्टर हसले नाहीत.
त्यांनी मला फोन लावला.

भांडुपला, खिडकी लावून घेऊन
(कांजूरच्या कचऱ्याचा वास या वेळी सरळ घरात येतो)
मी सर्व्हरवर उतरले.
तो इथेच, मुंबईतच आहे म्हणतात.
नेमका कुठे, ते भाडं घेणारेही सांगत नाहीत.

यादी मागवली. तीन नावं.
तिसरं माझंच. शोधणाराही धावत असतो,
म्हणून सापडतो.
त्याला वगळलं. उरले दोन.

आदेश तोच, अक्षर न् अक्षर तेच,
जन्म पहाटे तीन बाराचा,
मध्ये दोन सेकंद.
एकाच पोर्टवर आले असते तर भांडले असते,
दुसरा तिथेच बोंब मारून पडला असता.
पण यांना दार नाही. रांगेतून रिपोर्ट उचलायचा,
पाठवायचा, पुढचा उचलायचा.
दोघंही नेकीनं काम करत होते.
तीच अडचण.

एकाला मारलं.
चहाला उकळी यायच्या आत तो परत,
नवा क्रमांक लावून, काही झालंच नाही असा.
म्हणजे याच्यावर कुणाचं तरी लक्ष आहे.
मग दुसरा कुणाचा?

बाप विचारला. दोघांचाही एकच: क्रमांक एक.
ज्याचं मागे कुणी उरत नाही
त्यालाही तोच पदरात घेतो,
त्यामुळे कागदावर पोरका ओळखू येत नाही.

शेवटी विचारलं, राहतोस कुठे?
पहिला म्हणाला, सर्व्हिसच्या फोल्डरात.
दुसरा म्हणाला, विश्रामच्या घरी.

विश्राम सातपुते. अडीच वर्षं झाली सोडून जाऊन.
निरोपाला आम्ही बॅग दिली होती, चेन लगेच तुटलेली.
त्याच्या क्रॉनटॅबमध्ये एकच ओळ:
मशीन उठलं की हे चालू कर.
आणि तिच्या डोक्यावर, रोमन अक्षरांत, मराठीत:
तात्पुरतं. सोमवारी काढणे. वि.

अडीच वर्षांत मशीन कधी झोपलंच नव्हतं.
काल रात्री मालकांनी दुरुस्तीसाठी झोपवलं, उठवलं,
आणि ती ओळही उठली,
डोळे चोळत कामाला लागली.

दुसऱ्याला मारलं. थांबले.
चहा गार झाला. तो आला नाही.

ओळ पुसायला गेले आणि पुसली नाही.
कुणास ठाऊक त्यानं कोणत्या रात्री,
कुणाचा फोन आल्यावर लिहिली असेल.
पुढे नुसती एक जाळी काढली, #,
आणि खाली लिहिलं:
तात्पुरतं बंद. सोमवारी बघणे. त.
आज मंगळवार.

पेडामकर बाईंना मीच फोन केला.
एकदाच धरा, म्हटलं, चूक आमची.
बरं, त्या म्हणाल्या,
मग एकशे चाळीस जास्त की कमी?

ते कुठे बघायचं, मला माहीत नव्हतं.