उभा की वाकलेला

नंदगडच्या हायस्कूलमागचं मैदान.
तेवीस-तेवीस. शेवटची चढाई.
रेघा सकाळी मीच मारल्या होत्या,
चुना पुरला नाही म्हणून डाव्या कोपऱ्यात रांगोळी.

सातेरी घाडी, नववी ब,
दम धरून आत शिरला,
बोनसला पाय लावून परत फिरला
तर समोर बीडीचा मडिवाळ,
साखळी सोडून एकटाच आडवा.

मग सातेरी उडाला.
इतकंच झालं.
वरून गेला, मध्यरेषेपलीकडे धप्पकन पडला,
कबड्डी कबड्डी अजून तोंडात.
मैदान क्षणभर गप्प,
आणि मग सगळ्या माना माझ्याकडे.

तालुक्याचं परिपत्रक खिशात होतं, घामानं मऊ झालेलं.
उभ्या गड्यावरून उडी मारल्यास चढाई बाद.
वाकलेल्या गड्यावरून चालेल.
किती वाकलेला, ते लिहिलेलं नाही.
गुडघ्यात की कमरेत की नुसता मनातून.

बीडीची पोरं: निंतिद्द री सर, निंतिद्द!
नंदगडची: उभा कुठं हुता, वाकल्ता की!
आणि आमचाच कप्तान बसवंत, घसा फोडून,
बग्गिद्द री, बग्गिद्द!
वाकला होता, म्हणतोय तो.
वीस वर्षं शिकवतोय इथं, तरी माझ्या कानाला
त्या शब्दात आधी 'बघ'च ऐकू येतं.
बघ.
बघितलं होतं की मी.
तीच तर अडचण.

रेषेवर मेनेझिस टीचर, भूगोलाच्या.
म्हणाल्या, मी पाय बघत होते सर,
जमिनीवरचं सांगते,
हवेतलं तुमचं तुम्ही बघा.

हा नियम आला कुठून
ते या पोरांना ठाऊक नाही.
शहाण्णव साल, खानापूर, नदीकडचं मैदान.
उडी माझी होती. गुडघाही माझा.
खाली दुंडाप्पा कोरी, त्याचा डावा डोळा.
परिपत्रकात आमची नावं नाहीत,
'एका दुर्दैवी प्रसंगामुळे' एवढंच आहे,
आणि खाली गोल शिक्का.

मडिवाळ अजून तिथंच, तोंडातली माती थुंकत.
त्याच्याजवळ गेलो, माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं,
खरं सांग बाळा, उभा होतास?
त्यानं विचार केला.
सामना चालू असताना पोरं विचार करत नाहीत,
यानं केला.
एळ्तिद्दे री, म्हणाला.
उठत होतो.
वाकलो होतो सर, मग उठत होतो, तेवढ्यात हा गेला.

उठणाऱ्यासाठी नियमात ओळ नाही.

शिट्टी तोंडात किती वेळ धरली कोण जाणे,
लाळेनं भरली.
मग वाजवली. हात केला.
चढाई बाद.
तो उभा होता म्हणून नाही.
उठणाऱ्याचं डोकं वर येत असतं,
आणि कुठवर येईल
ते उडालेल्याला वरून दिसत नाही.
एवढं मला माहीत आहे.

आपल्यातलाच असून, असं मागं कुणीतरी बोललं.
तिकडूनही काहीतरी आलं, टाळ्यांसारखं,
तेही नको होतं.
सातेरी काही बोलला नाही.
गुडघ्याची रांगोळी नखानं खरवडत बसला,
जणू तेवढंच काम उरलं होतं.

शनिवारी बीडीला गेलो, जोंधळ्याचा डबा घेऊन.
दुंडाप्पाच्या गिरणीत.
पट्टा फिरत होता, बोलणं ऐकू येईना.
त्याला कळलं होतंच, गावात काय लपतं.
त्यानं पट्टा थांबवला,
पिठाचे हात लुंगीला पुसले,
उजवा डोळा माझ्यावर नीट लावला,
म्हणाला, उडी किती होती रे?

मी हात वर केला.
खांद्याइतका.
मग आणखी थोडा.