बाही

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर चढत गेलेली
नमद्याच्या गोल तंबूंची वस्ती.
तिथल्या बंद पडलेल्या बॉयलरघरात माझा ज्युडोचा वर्ग.
जुने गालिचे शिवून, आत मेंढीची लोकर दडपून
केलेल्या गाद्या. एक शेगडी.
पहिली पंधरा मिनिटं नुसती श्वासांची वाफ.

डोल्गोन आला तेव्हा बारा वर्षांचा होता.
नावाचा अर्थ शांत.
आईबापांनी काय बघून ठेवलं, देव जाणे.
शाळेने दोनदा घरी धाडलेला,
उजव्या मुठीची सालं निघालेली,
आणि इथे आला तोही शिकायला नव्हे,
आमची शेगडी त्याच्या घरच्यापेक्षा
जास्त वेळ जळते म्हणून.

"पाडायचं कसं, ते दाखवा," म्हणाला.
मी म्हटलं, आधी पड.

सहा आठवडे तो पडत होता.
मागे, कुशीवर, खांद्यावरून गोल,
हनुवटी छातीला, आधी हाताची थाप, मग पाठ.
धप्.
धप्.
नऊ वर्षांची नोमिनझुल खुदुखुदु हसायची,
ती मांजरासारखी पडायची
आणि हा कोळशाच्या पोत्यासारखा.
एकदा चिडून त्याने बूट भिरकावला.
मी बोलले नाही. बूट उचलून शेगडीपाशी वाळत ठेवला.
मुलं म्हणतात, बाई किती शहाण्या.
शहाणपण कसलं, त्या दिवशी अंगात ताप होता,
ओरडायला घसाच नव्हता.

मग पाडणं आलं, आणि पाडण्याच्या मागोमाग बाही.
रोज तेच सांगते, पोरं माझी नक्कल करतात:
पाडलंस तरी बाही सोडायची नाही.
तो हवेत आहे तोवर त्याचं वजन तुझं.
जमिनीला टेकायच्या आधी
जरासं वर ओढून घ्यायचं,
म्हणजे डोकं वाचतं.

"मग जिंकल्यासारखं काय वाटणार?" डोल्गोनने विचारलं.
मला उत्तर आलं नाही.
खुंटीवर एक पांढरा डगला चार वर्षं लटकतोय,
त्या मुलाची बाही माझ्याच हातून सुटली.
त्याचं नाव मी वर्गात घेत नाही.

जानेवारी. उणे तेहेतीस.
पाण्याच्या टपरीपुढे रांग,
कॅन बांधलेल्या घसरगाड्या,
सांडलेल्या पाण्याचा काचेसारखा बर्फ.
तिथे तुगुलदुर, सोळा वर्षांचा, दांडगा,
डोल्गोनच्या बापाबद्दल काहीतरी बोलला,
आणि ते खरं होतं.

मी तिथे नव्हते. टपरीवाली त्सेरमा
नळ तसाच टाकून टेकडी चढून आली, धापा टाकत.
"तुझ्या पोराने त्याला कमरेवरून फिरवला गं,
आता फुटतंय डोकं म्हणून मी डोळेच मिटले.
उघडले तर तो बर्फावर आडवा,
आणि तुझं पोर दोन्ही पाय रोवून
त्याची बाही ओढतंय,
विहिरीत पडलेलं कोकरू ओढावं तसं.
कोट उसवला टरकन्.
डोकं मात्र टेकलं नाही."

संध्याकाळी तो उशिरा आला.
मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
थोड्या वेळाने म्हणाला, "सुई आहे का?"

हातातला कोट त्याच्या मापाचा नव्हता.
शेगडीजवळ बसून तो टाके घालू लागला,
वाकडे, मोठे मोठे, बोट दोनदा टोचून घेत.
नोमिनझुल त्याला दोरा ओवून देत होती
आणि या वेळी हसत नव्हती.

दारात स्वेटरवर कुडकुडत एक मोठा मुलगा,
गाद्यांकडे बघत नसल्यासारखा बघत.

मी म्हटलं, आत ये नाहीतर बाहेर जा,
पण दार लाव बाबा. ऊब जातेय.