ताळा

सातशे चाळीस मीटर खाली
रात्रपाळी वर गेली की
आम्ही सॉर्कला बोगद्यात सोडतो.
सॉर्क म्हणजे आमच्याकडे बिळातला उंदीर.
हा चार चाकांचा, डोक्यावर भिरभिरतं लेझर,
पोटाशी चिखल.
पंख्यांनी सुरुंगाचा धूर ओढून नेलेला असतो,
आणि लोखंडाचा तो वास, जिभेवर बसणारा.

पहाटे परत येतो चार कोटी बिंदू घेऊन.
प्रत्येक बिंदूचं म्हणणं एकच:
इथे मी अडलो.
अडण्यांची बेरीज म्हणजे भिंत,
भिंतींची बेरीज म्हणजे नकाशा.

पण चाकं निसरतात ना.
सॉर्कला वाटतं आपण दहा पावलं आलो,
आलेला असतो नऊ.
मग एकाच भिंतीच्या दोन होतात,
खालचा कार्बन सरकल्यासारख्या,
आणि दोन्ही शपथेवर सांगतात, खरी मीच.

पूर्वी हिल्डिंग ताळा करायचा.
एकतीस वर्षं, एक दुर्बीण, छतात ठोकलेले लाल खिळे,
आणि बोटं नसलेले हातमोजे.
आता ताळा मॉडेल करतं.
त्याला शिकवलं मी.

कसं शिकवलं, ते सांगायला थोडी लाजते.
मागच्या हिवाळ्यातले चांगले, जुळलेले नकाशे घेतले
आणि बिघडवले.
हा चार बोटं डावीकडे,
तो अर्ध्या अंशानं तिरपा.
बाहेर उणे सत्तावीस, खिडकीला बर्फाची साय,
आत मी वेलदोड्याचा पाव खात
कुणी कधी न खणलेले दोन हजार बोगदे
खणत बसलेली.
प्रत्येकावर चिठ्ठी: जुळलं. नाही जुळलं.
खरं ओळखायला
त्याला माझं खोटं पाठ करावं लागलं.

बारा नंबरच्या आडव्या बोगद्यात मंगळवारी
लाल डाग उमटला.
शून्य पूर्णांक शून्य आठ. म्हणजे भरवसा नाहीच.
आम्ही सॉर्कवर खापर फोडलं.
काच पुसली, टायर बदलला, पुन्हा पाठवला.
सोमवारचा नकाशा एकटा: हिरवा.
बुधवारचा एकटा: हिरवा.
एकावर एक ठेवले की लाल.

मी माउस हातात घेतला होता.
सोमवार उचलायचा, बुधवारवर बसवायचा,
चार बोटांचा तर प्रश्न.
एवढंसं ओढणं मी दोन हजार वेळा केलं होतं.
कुणाला कळलं असतं?

हिल्डिंग कॉफीसाठी आला होता,
निवृत्तीला तीन महिने राहिलेला.
पडद्याकडे बघितलं, कप ठेवला,
दिवा उचलून निघाला. मी मागे.

बारा नंबरच्या भिंतीत एक जुनी भेग आहे.
तिच्यावर त्यानं काचेची पट्टी चिकटवली होती
प्लास्टरनं, कुठल्याशा वर्षी,
तारीख पेन्सिलनं लिहून.
पट्टी मधोमध तडकली होती.
दोन तुकडे, एक जरा खाली.
त्यानं अंगठ्याचं नख मधे घालून पाहिलं. नख गेलं.

"दोन्ही बरोबर आहेत," म्हणाला.
"सोमवारी डोंगर तिथे होता.
बुधवारी इथे आहे."

मी तिसरी चिठ्ठी केलीच नव्हती.

मग साखळी लावली, पाटी लावली,
वर फोन केले, पाणी उपसणाऱ्यांना हलवलं.
हिल्डिंगनं नवी काच चिकटवली,
तारीख घातली, पेन्सिल कानावर.
थंड कॉफी तशीच प्यायला.

संध्याकाळी घरी आले.
स्वयंपाकघराचं दार गेल्या शरदापासून अडतंय,
वरच्या कोपऱ्यात, जरासं.
ओलीमुळे, म्हणतो यालमार,
आणि खांदा लावून ढकलतो.
मी बूट न काढता उभी आहे.
खणात कुठेतरी मोजपट्टी होती.