अर्धं सूत

पट्टा तिसऱ्यांदा उडाला तेव्हा
वैकुंठ तारी पाना फेकून चिऱ्यावर बसला
आणि म्हणाला, तुझी पुली खोटी.

माझी पुली खोटी नव्हती.
बापाच्या लेथवर सोळा वर्षं काढलीत मी,
ट्रॉलरचे शाफ्ट, बर्फाच्या गिरणीचे बुश,
एकदा तर देवळातल्या घंटेची कडी.
खोटं होतं ते ब्रॅकेट, त्यानेच
रात्री अकराला घाईत कापलेलं,
खालच्या अंगाला अर्धं सूत बाहेर.

गाडी म्हणजे तरी काय?
वेंगुर्ल्याच्या एका डॉक्टरच्या माडाखाली
बारा वर्षं उभी राहिलेली कॉन्टेसा.
मागची सीट काढली, दारं पोकळ केली,
आत पाइपांचा पिंजरा बसवला.
हँडब्रेकचा दांडा हातभर लांब,
डिफरन्शियल वेल्डिंग मारून गोठवलेला,
मागची दोन्ही चाकं आता एकाच हट्टाने फिरतात.
सरळ जायला बांधलेलीच नाही ती.

आणि त्यावर हा सुपरचार्जर,
ठोकर खाल्लेल्या कुठल्याशा जर्मन गाडीतला,
पुण्याच्या भंगारातून एसटीच्या टपावर
गोणपाटात गुंडाळून देवगडला उतरलेला.
मी उघडला आणि बघत राहिले.
आत दोन पिळदार रूळ,
एकमेकात शिरून, एकमेकाला न शिवता फिरणारे,
चवथीच्या फुगडीत
कपाळाला कपाळ न आपटता गरगरणाऱ्या दोघी जावा.
मधली फट केसाएवढी.
"हे हवा कोंबतात," वैकुंठ म्हणाला,
"इंजिन मागेल त्याहून मोठा घास."
आमच्या हवेत अर्धं मीठ, मी म्हटलं,
फिल्टर आधी बघ.

ब्रॅकेट खोलून घेतलं.
मोडक्या पंख्याच्या पितळेतून चकती कातली,
कागदावर ठेवली, मोजली, पुन्हा मोजली.
मग मासे धरायची तंगूस
एका पुलीच्या कडेपासून दुसरीपर्यंत ताणली.
चारही ठिकाणी टेकली.
असं जुळतं सूत, मी म्हटलं,
आणि तो हसला नाही, पट्टा चढवू लागला.

इंजिन सुरू झालं.
किणकिणत, मग शीळ घालत, मग
अंगणातली कोंबडी कुंपणापार.
वैकुंठ काहीतरी ओरडत होता, खूश होऊन.
तेव्हा पडवीतून आबा तारी उठून आले.
सव्वीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत,
दोन्ही कान तिथेच राहिले.
त्यांनी झाकणावर तळहात ठेवला,
तापलं होतं तरी उचलला नाही.
"इंजान ठोकता," म्हणाले, "मागे घे जरा."
आम्हा दोघांना, चार चांगल्या कानांना,
शिळेपलीकडे काही ऐकू येत नव्हतं.
वैकुंठने डिस्ट्रिब्युटर सैल केला,
केसभर फिरवला. अजून केसभर.
"हां."

संध्याकाळी सड्यावर नेली.
एप्रिलचा काळा कातळ, कडेला करपलेलं गवत,
आणि एका बाजूला कुणी कधी कोरलेला
चार हात लांब मासा.
त्याच्याभोवती वैकुंठने सकाळीच
बर्फाचे रिकामे क्रेट मांडून ठेवले होते,
तिकडे नाही जायचं, स्वतःलाच सांगत.

दुसऱ्या गिअरात शेपूट सुटली.
तोंड समुद्राकडे, चाल कणकवलीकडे,
रिमोल्ड टायरांचा धूर, एक वर्तुळ, दुसरं,
पोरं क्रेटवर चढून शिट्या मारतायत.
सगळे गाडी बघत होते.
मी पट्टा ऐकत होते.
आबा उकिडवे बसलेले,
तळहात कातळावर सपाट.

तिसऱ्या वर्तुळात ते म्हणाले,
"थांब सांग तेका. पाणी तापला."
मी हात हलवेपर्यंत
बॉनेटच्या फटीतून वाफ.

मग काय, बॉनेट उघडून वाट बघत बसलो.
पट्टा होता तिथे होता.
वैकुंठने बॅटरीच्या उजेडात त्यावरून बोट फिरवलं,
बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं,
पुलीचे किती झाले?

साडेतीनशे, मी म्हटलं.
अर्ध्या सुताचे वेगळे.