घट

शिकलगारांच्या काउंटरवर हिरवं कापड, जुन्या कॅरमखाली असतं तसं,
त्यावर दोन.
डावीकडे बत्तीस बोअर, कानपूरचं, कोरं,
तेलकट कागदाचा वास अजून अंगाला.
उजवीकडे तीनशे सत्तावन, परदेशी,
निपाणीच्या कुणा तंबाखूवाल्याच्या माघारी विकायला आलेलं,
मुठीचं लाकूड त्याच्या तळव्यानं काळं पडलेलं.
"घ्या हातात, मगदूम ताई. चावत नाही."

मी पर्समधला काटा काढला.
सवय. गुजरीत आटणीचं दुकान आमचं,
हातात आलेली वस्तू आधी तोलायची, मग बोलायचं.
बत्तीस : साठ तोळे.
तीनशे सत्तावन : शंभराला एक कमी.
शिकलगार चष्म्यावरून बघत राहिले.
"आज्जापासून धंदा आहे आमचा.
हत्यार तोळ्यात मोजणारं गिऱ्हाईक पहिलंच."

मला एकच पाहिजे, दोन रस्त्यांसाठी.
रोजचा : भेंडे गल्लीतनं बँकेपर्यंत,
जेवणाच्या डब्यात खाली लगड, वर भाकरी.
शनिवारचा : आजऱ्याच्या पुढं, काजूच्या बागेत,
जिथं फोनला रेंज नाही
आणि सकाळी पायवाटेवर गव्याचं शेण, वाफ निघणारं.
मागल्या साली हत्तीनं पंपाची खोली सोलली, केळ्यासारखी.

रानाला भारी पाहिजे, पर्सला हलकं.
रानातलं जनावरासाठी.
रोजचं कशासाठी, ते मी बोलले नाही.
कचेरीतल्या अर्जावरही 'कारण' या रकान्यात
क्लार्कनंच लिहिलं होतं : जीवितास धोका.
कुणाच्या, ते लिहायला जागा नव्हती.

रेंजवर दोन्ही चालवली.
बत्तीसचा घोडा बोटाला जड, पण आवाज समजूतदार,
पाचातले तीन कागदावर.
मोठ्यानं मनगट कपाळापर्यंत उचललं,
दातांत शिशाची चव, कानात कितीतरी वेळ देवळातली घंटा.
पाचातला एक. पण तो एक
कागदाच्या मागच्या फळीतनंही गेला.
खोटं कशाला सांगू, आवडला मला तो.

"गवा टनाचा," शिकलगार चिंधीनं नळी पुसत म्हणाले,
"बत्तीसनं त्याला डास चावल्यागत.
ह्या मोठ्यानं चिडंल, एवढाच फरक.
गव्याला वाट सोडायची. वारं बघायचं, काठी वाजवत जायचं.
हत्ती दिसला तर मागं फिरायचं, त्यात लाज नाही.
हत्यार असं घ्या, जे अंगावर राहील.
कपाटात ठेवलेलं तीनशे सत्तावन म्हणजे वरवंटा."
मग, जरा थांबून,
"निवडणूक आली की ठाण्यात जमा करायचं. पावती जपा.
तेवढे दिवस गव्यांनाही सांगून ठेवा."

"बत्तीस घेतो," म्हटलं मी.
हात मात्र दुसऱ्याच्या काळ्या मुठीवर होता.

घरी आले तेव्हा बाबा पाणी गाळत होते.
डाव्या हातानं. उजवा खांदा
दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी, मोटारसायकलवरच्या दोघांनी
पिशवी ओढली, यांनी सोडली नाही, तेव्हाचा.
पिशवी गेलीच. हात वर जात नाही.
गाळलेलं पाणी खाली, फडक्यावर उरलेलं
परत विहिरीच्या बादलीत, न चुकता,
डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी.

मी टेबलावर ठेवलं. लपवायचं नव्हतं.
ते काही बोलले नाहीत. हात पुसले.
आमचा जुना पितळी तराजू काढला, एका पारड्यात ते,
दुसऱ्यात एकेक वजन ठेवत गेले,
शेवटी दोन गुंजा, चिमटीनं.
काटा थरथरला, थांबला.

"साठ तोळे," मी म्हटलं.
"ते दिसतंय," बाबा म्हणाले.
चाळीस वर्षं मूस उतरवताना
प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं, तसंच विचारलं, त्याच आवाजात :
"घट किती धरायची?"