दोनशे पंचावन्न

ओर्ताच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
दिवाबत्ती खात्यात मी एकटीच.
खिडकीतून पीकोचा डोंगर दिसतो, म्हणजे दिसला तर.
बारा वर्षांच्या तक्रारी, चार हजार एकशे अठरा ओळी,
जुन्या फाइलीतून नव्या फाइलीत न्यायच्या होत्या,
शुक्रवारी पाचच्या आत.

पानाच्या नावावर टिचकी मारली, प्रत काढा म्हटलं,
निघाली. कॉफी गाळून होण्याआधीच.
ओळी मोजल्या, चार हजार एकशे अठरा.
खांबांचे क्रमांक बरोबर, तारखा बरोबर.
फक्त तपशिलाचा सातवा रकाना
जरा जास्तच नीटनेटका दिसत होता.

खांब तीनशे बारा. देओलिंदा बेटेनकोर्ट.
«महोदय, दिवा पुन्हा गेला. मे महिन्यात
तुम्ही माणूस पाठवला होता, त्याने शिडी लावली,
वर पाहिलं, खाली आला आणि माझ्याकडे पाणी मागितलं.
दिवा तीन दिवस चालला. आमच्या गल्लीला
एकोणीस पायऱ्या आहेत, धुकं उतरलं की एकही दिसत नाही.
माझा नवरा झेफेरीनु ज्या रात्री बंदरावरू

संपलं. पूर्णविरामसुद्धा नाही.
बोलत्या माणसाच्या तोंडावर दार लावावं तसं.
दोनशे पंचावन्न अक्षरं, त्यापुढे यंत्र बहिरं.

तिचं पत्र कागदावर यायचं, निळ्या शाईत.
या चौकटीत ते मीच टाइप केलं होतं,
माझ्याच बोटांनी,
आणि पुढचं मलाच आठवेना.
दिवसभर मी झेफेरीनुला मारत राहिले:
कधी पायरीवर, कधी पाण्यात,
एकदा तर मोटारीखाली, जिथे मोटार जातच नाही.

एकसष्ट जण असे अर्ध्यात तुटलेले.
«दिवा बंद» एवढंच लिहिणाऱ्यांचं
कधीच काही हरवत नाही.

आधी एकेक चौकट उघडून आतला मजकूर उचलला.
तर देओलिंदाबाईंचे परिच्छेद पायऱ्या उतरावेत तसे
खालच्या ओळींत घरंगळले,
आणि झेफेरीनु खांब तीनशे तेराच्या नावे पडला,
जिथे एक दंतवैद्य राहतो.

मग पोंता देल्गादाला इलीदियुला फोन लावला.
तो काहीतरी चघळत होता.
«पान उचलू नकोस, ग्रासिएत. पान उचललंस की कापलं जातं.
जुन्या पानावर जा, सगळ्या चौकटी निवड,
त्या उचल, आणि नव्या पानावर तशाच ठेव.»
असं का?
«जुनी खोड आहे त्याची», म्हणाला,
जणू सासऱ्याबद्दल सांगतोय.

चौकटी उचलल्या. ठेवल्या.
तीनशे बारा उघडताना बोट जरा थांबलं.

«...बंदरावरून घरी येत होता, तेव्हा सातवी पायरी चुकून
शेजारणीच्या मासळीच्या टोपलीत बसला.
मी वर दारात होते. मला हसू आवरलं नाही.
आज सहा दिवस तो माझ्याशी बोलत नाही.
दिवा असता तर तो पडला नसता,
निदान मी हसताना त्याला माझं तोंड दिसलं असतं,
त्यात वाईट काही नव्हतं.
तरी दिवा लावावा.
ता. क. सातवी पायरी फुटलेली आहे,
ते तुमचं खातं नाही, मला माहीत आहे.»

आता शेजारी आठवा रकाना केलाय, नुसती लांबी मोजणारा.
जिची लांबी नेमकी दोनशे पंचावन्न भरते
तिच्यावर संशय घ्यायचा.
पाचला दहा कमी असताना एक सापडली.
खांब ब्याण्णव, कुणी आमारु गार्सिया.
जुन्या फाइलीत पाहिलं, तिथेही दोनशे पंचावन्न.
तीनदा वाचली.
गंजलेली तार, एक पाल, धन्यवाद, आणि पूर्णविराम.
माणसाला जेवढं सांगायचं होतं
तेवढंच ते होतं.

दिवे मालवून मी जिना उतरले,
पायऱ्या मोजत.